जुना धागा वर काढताना

नमस्कार, श्रोतेहो.

छंद कुठलाही असो, जुने कॅमेरे, आकाशदर्शन, कुंडीतली झाडं, लाकूडकाम. काम करता करता कुठेतरी अडतं, आपण इंटरनेटवर शोधतो आणि येऊन पोचतो दहा-बारा वर्षांपूर्वीच्या एका चर्चेत, म्हणजे मंचाच्या भाषेत एका धाग्यात. प्रश्न हुबेहूब आपलाच. खाली पाच-सहा प्रतिसाद, त्यांतले दोन अवांतर, आणि सगळ्यांत शेवटी खुद्द धागाकर्त्याचं एक वाक्य: "जमलं एकदाचं! सगळ्यांचे आभार." कसं जमलं, त्याचा पत्ता नाही. माणूस नुसता चडफडतो. त्याखाली प्रतिसादाची रिकामी चौकट असते. तिथे लिहावं की लिहू नये, हा आजचा विषय.

विषय किरकोळ वाटेल. पण हौशी मंडळींच्या चर्चामंचांवर यावरून बरीच कुरबुर चालते. एक पक्ष म्हणतो, जुने धागे वर काढू नका. दुसरा म्हणतो, नवा धागा उघडण्याआधी जुने वाचा आणि तिथेच विचारा. नवख्याची अवस्था धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी. नवा धागा काढला की "आधी शोधलं होतं का?" आणि जुन्यात लिहिलं की "तारीख बघितली का?"

या कुरबुरीला कारण आहे. बहुतेक मंचांवर धाग्यांची यादी लागते ती शेवटच्या प्रतिसादाच्या वेळेनुसार. धागा कधी सुरू झाला याला यादीत किंमत नाही. त्यामुळे बारा वर्षं तळाशी पडलेल्या धाग्यात कोणी "छान माहिती" एवढं जरी लिहिलं, तरी तो उसळी मारून पहिल्या क्रमांकावर येतो आणि आज सकाळी कोणीतरी कळकळीनं विचारलेला प्रश्न एक पायरी खाली जातो. शिवाय तेव्हा त्या धाग्यात लिहिलेल्यांना सूचना जातात. लोक धावत येतात, वाचतात, उत्तर टंकायला लागतात, आणि मग लक्षात येतं की प्रश्न विचारणारा केव्हाच मंच सोडून गेलाय. आपण रिकाम्या खुर्चीला सल्ला देत होतो! तेव्हा लोक चिडतात, त्यात त्यांचं फार चुकतं असं नाही.

गंमत म्हणजे, सुरुवातीच्या काळात हा प्रश्न उद्भवतच नव्हता. ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी १९७९ साली संगणकांवरून चर्चा करायच्या यूजनेट या जाळ्याची कल्पना काढली आणि १९८० मध्ये ते चालू झालं. निरनिराळ्या विषयांचे गट, त्यांत लोकांचे लेख आणि त्यांना आलेली उत्तरं. पण साठवणुकीची जागा महाग होती, म्हणून सर्व्हरवरचे लेख काही दिवसांनी, फार तर काही आठवड्यांनी पुसले जायचे. मागचं बोलणं राहतच नसे, तर उकरणार काय? उलट तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा यायचे. म्हणून नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं एकत्र करून ती यादी ठराविक काळानं गटात टाकायची पद्धत तिथे रुळली. पुढे १९९५ मध्ये डेजा न्यूज या संकेतस्थळानं हे लेख साठवून शोधायची सोय केली, २००१ मध्ये गूगलनं तो साठा घेतला आणि जुन्या टेपांवर कोणी कोणी जपून ठेवलेले लेख मिळवून तो १९८१पर्यंत मागे नेला. तोवर वेबवरचे चर्चामंच आले होते, आणि तिथे धागा मुद्दाम काढून टाकल्याशिवाय जातच नाही. स्मरणशक्ती वाढली, आणि तिच्याबरोबर हा शिष्टाचाराचा घोळही आला.

माझं म्हणणं सरळ आहे. धागा किती जुना, हे बघूच नये. आपण काय घेऊन आलोय ते बघावं. आणि लिहायचं ते मूळ प्रश्नकर्त्यासाठी नाही. तो गेला. लिहायचं ते, आपल्यासारखाच अडून पुढच्या वर्षी इथे येऊन धडकणार असलेल्या तिसऱ्या माणसासाठी.

उदाहरण कॅमेऱ्यांचंच घेतो. साठ-सत्तरच्या दशकांतल्या बऱ्याच कॅमेऱ्यांचे प्रकाशमापक पाऱ्याच्या बॅटरीवर चालायचे. ती १.३५ व्होल्टची असायची आणि संपेपर्यंत जवळजवळ तेवढाच दाब द्यायची. पाऱ्यामुळे या बॅटऱ्या पुढे बंद झाल्या. अमेरिकेत तसा कायदा १९९६ साली झाला. मग जुन्या धाग्यांत पडलेला सल्ला असा, की त्याच आकाराची अल्कलाइन बॅटरी घाला आणि मोकळे व्हा. बॅटरी बसते, काटा हलतो, माणूस खूश. पण ती १.५ व्होल्टपासून सुरू होते आणि हळूहळू उतरत जाते. पुष्कळ कॅमेऱ्यांत त्या जादा दाबामुळे काटा आहे त्याहून जास्त उजेड दाखवतो आणि फिल्म कमी उजळते. आता अशा धाग्यात कोणी दहा वर्षांनी येऊन लिहिलं, समजा असं:

"धागा जुना आहे, पण वरचा बॅटरीचा सल्ला अजून लोक वाचतात म्हणून लिहितो. श्रवणयंत्राची ६७५ नंबरची झिंक-एअर बॅटरी वापरून पाहिली. दाब जवळपास पाऱ्याच्या बॅटरीइतकाच मिळतो. व्यास कमी आहे, म्हणून भोवती वायसर घालावा लागतो. वरची चिकटपट्टी एकदा काढली की वापरा न वापरा, काही आठवड्यांत किंवा दोन-चार महिन्यांत ती संपते. ज्या कॅमेऱ्यांत ब्रिज सर्किट आहे, उदाहरणार्थ पेंटॅक्स स्पॉटमॅटिक, त्यांना दाबातल्या फरकानं फारसं बिघडत नाही. तिथे हा खटाटोप नको."

या प्रतिसादाला कोण नावं ठेवील? पहिल्याच वाक्यात धागा जुना असल्याचं मान्य केलंय, म्हणजे तारीख दाखवायला येणाऱ्यांचं तोंड बंद. कशासाठी आलो ते सांगितलंय. काय केलं, काय अडचण आली, कुठे हे लागू नाही, सगळं आहे. असा प्रतिसाद वीस वर्षांनी आला तरी उशिरा आला असं मी म्हणणार नाही.

कधी कधी तर जुना धागा तसाच सोडणं हेच चुकीचं. कोडाक्रोम फिल्म कुठे धुऊन मिळेल, असा एखादा धागा घ्या. त्यातली उत्तरं लिहिली तेव्हा खरी होती. पण कोडॅकनं ती फिल्म २००९ मध्ये बंद केली आणि तिच्या खास रसायनांनी काम करणाऱ्या शेवटच्या प्रयोगशाळेनं डिसेंबर २०१० अखेर रोल घेणं थांबवलं. आता आजोबांच्या पेटीत सापडलेला रोल घेऊन कोणी तो धागा वाचत बसला, तर त्याला कुणीतरी सांगायला हवं की रंग आता निघणार नाहीत, मात्र कृष्णधवल पद्धतीनं धुऊन काहीतरी हाती लागू शकतं. दोन ओळींचं काम. झाडांच्या धाग्यांतही हेच. रोझमेरीचं शास्त्रीय नाव रोझमरायनस जाऊन आता साल्विया झालंय. जुन्या नावानं शोधत आलेल्याला नवं नाव मिळालं तर त्याचा पुढचा शोध वाचतो.

चित्रांचं दुखणं वेगळंच. फोटोबकेटसारख्या ठिकाणी चित्रं ठेवून लोक धाग्यात नुसते दुवे द्यायचे. २०१७ मध्ये फोटोबकेटनं फुकट खात्यांवरची ही सोय काढली आणि कितीतरी धाग्यांत सचित्र कृतीच्या जागी राखाडी चौकोन राहिले. "खालच्या चित्रात दाखवल्याप्रमाणे स्क्रू फिरवा" आणि खाली काहीच नाही. ज्याच्याकडे ती चित्रं जपलेली असतील, त्यानं लेखकाची परवानगी मिळत असेल तर ती घेऊन खुशाल धागा वर काढावा.

आभार मानायला यावं का? यावं, पण नुसतं "धन्यवाद, उपयोग झाला" नको. पाचांपैकी कुठल्या उपायानं काम झालं ते लिहा. तेवढ्या एका वाक्यानं तो आभाराचा प्रतिसादही कामाचा होतो. तेवढं लिहायचं नसेल तर पसंतीचं बटण आहे, ते दाबा. त्यानं बहुतेक ठिकाणी धागा जागचा हलत नाही.

स्वतःचा प्रश्न घेऊन येणाऱ्यांनी मात्र जरा थांबावं. तेच यंत्र, तोच बिघाड, आणि वर सुचवलेला उपाय करून बघितलाय तरी अडलंय, तर तिथेच विचारा. संदर्भ आयता मिळतो. यंत्र वेगळं, लक्षणं थोडी वेगळी असतील तर नवा धागा काढा आणि त्यात जुन्याचा दुवा द्या. दोन बिघाड एका धाग्यात मिसळले की पुढे वाचणाऱ्याला कुठलं उत्तर कुठल्या प्रश्नाचं हे कळेनासं होतं. विक्रीच्या जुन्या जाहिरातीखाली "अजून आहे का?" विचारण्याबद्दल तर काही बोलायलाच नको.

भांडणांबद्दल बोलायला हवं. फिल्म चांगली की डिजिटल, अमुक भिंग की तमुक, असल्या वादात आठ वर्षांपूर्वी कोणी काही टोकाचं बोललेलं असतं आणि आपल्याला आज त्याला द्यायचं खणखणीत उत्तर सुचतं. ते उत्तर वहीत लिहावं. गाडलेली मढी उकरून कोणाचंच भलं होत नाही, आणि त्या माणसाचं मत या आठ वर्षांत बदललेलंही असू शकतं. त्याला पुन्हा त्याच वाक्याला खिळवायचा आपल्याला काय अधिकार?

दुसऱ्या बाजूलाही चार गोष्टी सांगायच्या आहेत. धागा वर आला की "अहो, हा २०११चा धागा आहे" म्हणून खाली लिहिणारे असतात. लगेच दुसरा येऊन हसणारं चित्र टाकतो. तिसरा विचारतो, कोणी उकरलं हे? या प्रत्येक प्रतिसादानं धागा पुन्हा वर येतो! उकरणाऱ्यानं एकदा केलं ते या लोकांनी तीनदा केलं, आणि वर तो नवखा माणूस बिचकला तो वेगळाच. माझ्या मते हा उपद्रव मूळ उपद्रवापेक्षा मोठा आहे. खुपतच असेल तर व्यवस्थापकांना निरोप पाठवा.

आणि काही धागे जुने होण्यासाठीच असतात. हौशी आकाशनिरीक्षक एकाच ताऱ्याच्या तेजाच्या नोंदी वर्षानुवर्षं एकाखाली एक लिहीत जातात. टी कोरोनी बोरियालिस हा तारा १८६६ मध्ये एकदम उजळला आणि मग १९४६ मध्ये, म्हणजे मध्ये ऐंशी वर्षं गेली. त्याच्यावर डोळा ठेवून बसलेल्यांच्या धाग्यात "फार जुना झाला" म्हणण्यात काय अर्थ आहे?

एक नाजूक गोष्ट. जुन्या मंचांवर असेही सदस्य असतात जे आता हयात नाहीत, आणि त्यांची समजावून सांगितलेली उत्तरं तिथेच असतात. अशा धाग्यात त्यांनाच उद्देशून प्रश्न विचारला जातो आणि मग कोणीतरी दोन शब्दांत ती बातमी देतो. लिहिण्याआधी त्या सदस्याचं पान उघडून शेवटची हजेरी केव्हाची ते बघायला काही वेळ लागत नाही.

आता नियमांचं. हे ठिकठिकाणी वेगळे आहेत, आणि वाचून घ्यावेत. रेडिटवर सहा महिन्यांनंतर चर्चा आपोआप बंद व्हायची. २०२१ पासून ते प्रत्येक समूहावर सोपवलं गेलं. डिस्कोर्स या सॉफ्टवेअरवर चालणारे मंच जुन्या धाग्यात लिहायला लागलात की आधीच सांगतात, शेवटचा प्रतिसाद फार जुना आहे, नक्की लिहायचंय ना? स्टॅक एक्सचेंज या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळांची रीत तर उलटी. तिथे साठ दिवसांहून जुन्या प्रश्नाला दिलेलं उत्तर लोकांना आवडलं, त्याला पाच गुण मिळाले, तर बिल्ला मिळतो. मला ही रीत जास्त शहाणपणाची वाटते, कारण ती उत्तराकडे बघते. ठराविक मुदत झाली की सरसकट कुलूप लावणं व्यवस्थापकांना सोयीचं असतं हे खरं, पण त्यानं चुकीचा सल्लाही तसाच बंदिस्त होऊन राहतो.

तर कुलूप लागलेलं दिसलं आणि तुमच्याकडे खरंच दुरुस्ती असेल, तर नवा धागा उघडा, त्यात जुन्याचा दुवा द्या, आणि व्यवस्थापकांना कळवा की जुन्याच्या शेवटी या नव्याचा दुवा टाका. त्यांना ते कुलूप न काढताही करता येतं. नमस्कार.