वीस किलोमीटरवरचा बाजार

[धुकं. पन्हाळ्याच्या उताराचं शिवार.]

खाली नजर जाईल तिथवर ऊस. इथं वर, तांबड्या जांभ्या मातीत, हा अर्ध्या एकराचा तुकडा. ऑक्टोबर लागलाय. आज स्ट्रॉबेरीची लागण.

[वहिनींचा हात, हातात रोप.]

मुळं आणि पानं जिथं जुळतात तो हा गड्डा. याला क्राउन म्हणतात. वहिनी मुळं सरळ सोडतात, माती दाबतात आणि क्राउन बरोबर मातीच्या तोंडाशी ठेवतात. गाडला गेला तर कुजतो, फार वर राहिला तर मुळं सुकतात. बोटाच्या पेराएवढा हा हिशेब, प्रत्येक रोपाला.

[तीन बेड म्हणजे गादीवाफे, मातीवरच्या आच्छादनावर, मल्चिंगवर, दव.]

पहिल्या बेडवर कॅमारोसा. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा वाण. फळ मोठं, गडद, घट्ट. दुसऱ्यावर विंटर डॉन, तिसऱ्यावर स्वीट चार्ली. हे दोन्ही फ्लोरिडाचे, लवकर फळाला येणारे. विंटर डॉन भरभरून लागतो. स्वीट चार्ली गोडीला पुढं, पण अंगानं नाजूक.

दिवस आखडला, रात्री गारठल्या की हे तिन्ही वाण कळी धरतात. पण पन्हाळा स्ट्रॉबेरीच्या महाबळेश्वरपेक्षा बराच खाली. इथं ऊन लवकर तापतं. म्हणून लवकर येणाऱ्या वाणाला इथं मोल आहे. उन्हाच्या आधी जास्त तोडे हाताला लागतात.

[फळ लागल्यावरची पहाट. टॉर्चच्या उजेडात तोडा. पनेट, म्हणजे फळाचे छोटे डबे, भरताना.]

रोपं घेताना बहुतेकजण आधी विचारतात, मुंबईपर्यंत टिकेल का? लांबच्या गाडीला घट्ट फळ हवंच. पण या घरचा बाजार कोल्हापूर, जेमतेम 20 किलोमीटर. पहाटे देठासकट तोडलेलं फळ सकाळीच शहरात पोचतं. मग रात्रभराच्या प्रवासाचा वाण इथं सगळ्या रानात कशाला? नाजूक पण गोड फळ पिकवायची सोय या गावाला आहे, आणि ती वापरली पाहिजे.

गेल्या हंगामात सगळं रान एकाच वाणाखाली होतं. फेब्रुवारीत फळ बारीक पडलं, रोपांचे पैसेही निघाले नाहीत.

[वही. तीन रकाने.]

यंदा रोज संध्याकाळी सूनबाई प्रत्येक बेडचं वजन वेगळं लिहिते. आजचा आकडा स्वीट चार्लीच्या रकान्यात सगळ्यात कमी आहे. त्याच्यापुढं तिनं पेन्सिलीनं लिहिलंय: बाजारात याचीच सगळी पनेटं आधी विकली गेली.