कामगारांसोबत काम करायचंय? मग कॉलेज घेताना हे विचारा

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी एकच विचारलंय, दादा, एचआर करायचंय पण ऑफिसातलं नको, कंपनीत कामगार, युनियन, त्या बाजूचं काम करायचंय, तर कॉलेज कुठलं घेऊ?

पहिली गोष्ट, डिग्रीवर एचआर लिहिलंय म्हणजे ती कामगार कल्याण अधिकारी व्हायला चालेलच असं नाही. ही पोस्ट कायद्यातली आहे. फॅक्टरी ॲक्ट १९४८, कलम ४९, त्यात ५०० कामगार असले की वेल्फेअर ऑफिसर ठेवावाच लागायचा. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड, म्हणजे नवे कामगार कायदे, लागू झालेत, त्यात हा आकडा २५० वर आलाय, म्हणजे मधल्या साइजच्या कंपन्यांनाही माणूस लागणार. पण त्यासाठी सरकारमान्य कोर्सच लागतो. म्हणून कॉलेजात समोर बसून विचारा, तुमचा कोर्स वेल्फेअर ऑफिसरच्या पात्रतेत धरतात का, आणि धरत असतील तर मान्यतेचा कागद दाखवा. टाळाटाळ केली तर उठा तिथून, खरंच उठा.

आता ऑप्शन. परळला नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था आहे, सरकारी, तिथे एमएलएस, म्हणजे मास्टर ऑफ लेबर स्टडीज, होतं. लोखंडे म्हणजे ज्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, ज्यांच्या लढ्याने रविवारची सुट्टी मिळाली, ते. या संस्थेचं नाव आपल्याकडे फार कमी पोरांना माहीत असतं याचं मला वाईट वाटतं. मग देवनारचं टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, १९३६ चं. जमशेदपूरचं मॅनेजमेंट कॉलेज एक्सएलआरआय, त्यातलं एल आर म्हणजे लेबर रिलेशन्सच. या दोन्हीकडे स्पर्धा तगडी आहे. नोकरी सांभाळून करायचं असेल तर लेबर लॉ आणि लेबर वेल्फेअरचा एक वर्षाचा डिप्लोमा बघा, पुण्यात आयएलएस लॉ कॉलेजला तो आहे.

आता माझं सांगतो. माझ्या कॉलेजने, नाव घेत नाही, इंटर्नशिप म्हणून दोन महिने एसीत बसवून कॅंडिडेटना फोन करायला लावले. पहिल्याच नोकरीत युनियनने मागणीपत्र दिलं, सतरा पानं, आणि मला त्यातलं फिटमेंट, म्हणजे नव्या करारात पगार कुठे बसवायचा ते, काय असतं, व्हीडीए, म्हणजे महागाईप्रमाणे बदलणारा भत्ता, कसा धरायचा, काहीच कळेना. युनियनचे सेक्रेटरी, केस पिकलेले, ते कॅंटीनमध्ये माझ्यासमोर बसले आणि मागचा तीन वर्षांचा करार पुढे ठेवला, प्रत्येक कलमाशेजारी पेन्सिलने बारीक अक्षरात काय मिळालं, काय राहिलं ते लिहिलेलं. म्हणाले, साहेब, आधी हे वाचा, मग आपण बोलू. दोन वर्षांच्या फीमध्ये असा एक करार मला कोणी हातात दिला नव्हता हो.

म्हणून ब्रोशरमधला प्लेसमेंटचा आकडा राहू द्या बाजूला. सेकंड इयरच्या पोरांना गाठा, चहा पाजा आणि विचारा, फील्डवर्कला कुठली कंपनी मिळाली, आठवड्यातले किती दिवस, खातेनिहाय चौकशीला बसायला मिळालं का, लेबर ऑफिसला तडजोडीच्या मीटिंगला नेलं का, पगारवाढीचा खरा करार वाचलात का. शिकवणाऱ्यांत कोणी कधी वाटाघाटीच्या टेबलावर बसलेलं आहे का, हेही विचारा.

आणि कुठल्या कॉलेजने मान्यतेचा कागद दाखवला तर कोर्सचं नाव आणि वर्ष खाली टाका, बाकीच्यांचा एक हेलपाटा वाचेल.