मुंबई ते लंडन, सुतळीने मोजलेलं

हा पृथ्वीगोल बघताय ना, याच्या प्रशांत महासागराला चांगला मोठा पोचा पडलाय. शाळेच्या कपाटातून शिपाईकाकांनी काढून दिला, किल्ली शोधण्यातच वीस मिनिटं गेली, आणि हा वर्गात कधी आणतात असं विचारलं तर काका नुसते हसले.

तर एक बोट मुंबईवर, दुसरं लंडनवर आणि मध्ये सुतळी घट्ट ताणायची. कुठनं जातेय बघा. कराचीच्या आसपास, मग इराण, कॅस्पियन समुद्राचा खालचा भाग, साधारण निम्म्या वाटेवर जॉर्जियाचं तिबिलिसी, मग युक्रेन, पोलंड, जर्मनी. आता तीच दोन शहरं भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून जोडा, रेघ थेट इराकवरनं जाते! कारण गोल पृथ्वी सपाट कागदावर आणताना उत्तरेकडचा भाग ताणावा लागतो, मग नकाशावर सरळ दिसणारी वाट खरी लांबची असते आणि वाकडी दिसणारी जवळची. हे फळ्यावर कितीही शिकवा, सुतळी हातात आली की पोरांना मिनिटात कळतं. गोल 30 सेंटिमीटर व्यासाचा आहे, सुतळी भरली 17 सेंटिमीटर, म्हणजे झाले साधारण 7,200 किलोमीटर.

हा फोटो जुना आहे. चार पंखे, शेपटीला तीन पाती, लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचं विमान, नाव ‘मलबार प्रिन्सेस’. 8 जून 1948 ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं हे पहिलं विमान मुंबईहून लंडनला निघालं, जेआरडी टाटा स्वतः आत होते. वाटेत कैरो आणि जिनिव्हा, कारण एका दमात जाणं शक्यच नव्हतं. 1960 साली बोइंग 707 हे जेट विमान आलं आणि वेग जवळपास दुप्पट झाला. मलबार प्रिन्सेस त्याआधीच, 1950 मध्ये, आल्प्समधल्या माँ ब्लाँ डोंगरावर कोसळलं होतं.

आता हा मोबाइलवरचा व्हिडिओ, मावसबहिणीने लंडनहून येताना सीटसमोरच्या स्क्रीनचा काढलेला. स्पीड बघा, ताशी हजार किलोमीटरच्या वर! विमान तेच, इंजिन तेच, फक्त मागनं वारा ढकलतोय. दहाएक किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट स्ट्रीम, हिवाळ्यात ताशी 200 किलोमीटरच्याही वर जातो. जाताना तोच समोरनं येतो, म्हणून जायला साडेनऊ-दहा तास आणि यायला त्याहून तासभर कमी, अंतर तेवढंच असून. ॲपवर नुसते किलोमीटर बघणाऱ्यांना हे कुठून कळणार म्हणा.

आणि सुतळीची वाट तरी आज कुठे मोकळी आहे, युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 पासून बंद, पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, म्हणजे वळसा आला, इंधन वाढलं.

एअरपोर्टच्या गेटवरचं हे शूट मावशीने करू दिलं, इथे मी बोलत नाही.

...

लंडनचं काही शूट नाही, व्हिसाच नव्हता. हा गोल परत कपाटात चाललाय, सुतळी मात्र काकांनी ठेवून घेतली, गठ्ठे बांधायला.