प्लँचेटची वाटी कोण हलवतं?

नमस्कार मंडळी, "ताई प्लँचेटवर बोला" ही कमेंट येतच राहते, तर आज बोलूया. प्लँचेट म्हणजे अक्षरांच्या बोर्डवर वाटी ठेवून, तिच्यावर बोटं टेकवून आत्म्याला प्रश्न विचारायचा खेळ. इतिहास पटकन सांगते. १८४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या फॉक्स बहिणींनी टकटक आवाजांवरून मेलेल्यांशी बोलता येतं असं सांगितलं, ते फॅड पसरलं आणि १८९१ मध्ये बाल्टिमोरच्या एलायजा बॉंडला ओइजा बोर्डचं, म्हणजे अक्षरं छापलेल्या अशाच बोर्डचं, पेटंट मिळालं. खेळ म्हणूनच दुकानात विकायचे हो! सैतानाची भीती वाढली ती १९७३ च्या 'द एक्झॉर्सिस्ट' सिनेमानंतर.

आता खरा प्रश्न, "मग वाटी फिरते कशी?" बोटं फिरवतात. आपल्याच नकळत. मायकल फॅराडे या शास्त्रज्ञानं १८५३ मध्ये, टेबलावर हात ठेवून ते आत्मे फिरवतात असं मानणाऱ्यांच्या हाताखाली सरकणारे पुठ्ठे ठेवले, तर टेबलाआधी हात सरकत होते. आणि हे लोक फसवत नव्हते, त्यांना खरंच कळत नव्हतं, एवढं प्लीज लक्षात घ्या.

आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या घरी चवथीला भावंडं जमली की रात्री कॅरम बोर्डवर खडूने एबीसीडी आणि येस-नो लिहून स्टीलची वाटी उपडी घालायची. एकदा दादाने सगळ्यांच्या डोळ्यांवर ओढण्या बांधल्या आणि गुपचूप बोर्ड फिरवला. वाटी गेली कुठे, तर आधी येस होतं त्या कोपऱ्यात, जिथे आता काहीच नव्हतं! पोरांचे डोळे बांधले म्हणून आत्म्याचं काय अडणार होतं? तुमच्यापैकी कुणालाच माहीत नाही असं विचारून बघा, तिथेही वाटी अडखळते.

एकाने लिहिलंय, देवचार, म्हणजे आपल्या गोव्यातला गावाचा राखणदार, बोर्डवर येतो का. अरे, राखणदाराला आपण रोटाचा नैवेद्य देतो, त्याचा मान वेगळा, त्याला या खेळात ओढू नका. आणि पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी ज्यांचा पुतळा आहे ते आपल्या कांदोळीचे आबे फारिया, संमोहनाचा अभ्यास करणारे पाद्री, त्यांनी पॅरिसमध्ये दोनशे वर्षांपूर्वी सांगितलं होतं की संमोहन हे ते करणाऱ्याच्या शक्तीने होत नाही, समोरच्याच्या स्वतःच्या मनातून होतं. वाटीचंही तसंच.

धोका मात्र आहे. माझ्या वर्गातल्या एकीला वाटीने "आई जाणार" सांगितलं, ती पोर कित्येक दिवस धड जेवली नाही, आई ठणठणीत असून. घरात असं घाबरलेलं मूल असेल तर "झोप गो आता" म्हणून विषय मिटवू नका, ओरडू तर अजिबात नका. दिवसाउजेडी त्याच्यासोबत बसा, डोळे बांधा, बोर्ड फिरवा आणि मोबाईलवर शूट करून वाटी कुठे जाते ते त्यालाच बघू द्या.