व्यवसाय कराची गोष्ट

[दृश्य: मोबाइलवर उघडलेलं पगारपत्रक. बोट कपातींच्या रकान्यात एका ओळीवर येऊन थांबतं.]

व्यवसाय कर, २०० रुपये. फेब्रुवारीत ३००. वर्षाचे झाले २,५००.

महाराष्ट्रात पगारदार माणसाच्या हातात पैसे पडण्याआधीच ही रक्कम कापली जाते. कशासाठी, ते पगारपत्रकावर लिहिलेलं नसतं. त्याचं उत्तर शोधायला माळरानावर यावं लागतं.

[दृश्य: पाझर तलावाचा मातीचा बांध, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. बांधाखालच्या विहिरी, हिरवे तुकडे.]

बहात्तरचा दुष्काळ. खेड्यांतली जुनी माणसं आजही वर्षं त्याच्यापासून मोजतात. शेतात काम नाही, रेशनवर लाल मिलो ज्वारी, आणि पोटासाठी खडी फोडायला जायचं. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती.

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. डोक्यावर घमेली घेतलेल्या बायकांची रांग. खडीचे ढीग. सुकडीचं वाटप. इथे निवेदन थांबतं, फक्त छायाचित्रं.]

दुष्काळ पडला की काम काढायचं आणि पाऊस आला की बंद करायचं, ही सरकारची जुनी रीत. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्याचे वि. स. पागे यांना ती मान्य नव्हती. ते विधान परिषदेचे सभापती होते. त्यांचं म्हणणं होतं, की काम मागणाऱ्याला काम मिळालंच पाहिजे, तो त्याचा हक्क आहे. साठच्या दशकात आपल्याच भागात त्यांनी या कल्पनेचा प्रयोग केला. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९७२ मध्ये रोजगार हमी योजना जाहीर झाली.

[दृश्य: बांधाचं काम चालू आहे. टिकाव, फावडी, मुरूम. मोजमाप घेणारा माणूस टेप धरून खड्ड्यात उतरतो.]

खड्ड्याच्या मधोमध हा मातीचा खांब दिसतो ना? तो मुद्दाम न खोदता ठेवलाय. मूळ जमीन कुठवर होती, हे त्याच्यावरून कळतं. लांबी, रुंदी आणि या खांबाची उंची, त्यावरून किती माती निघाली याचा हिशेब, आणि त्यावरून मजुरी. हजेरी मस्टरवर. मोजमाप झाल्याशिवाय पैसा नाही. मजुराकडून हिशेब असा मागितला जातो, हातभर मातीचासुद्धा.

तसाच हिशेब तेव्हा सरकारनेही मांडला. हमी द्यायची तर पैसा कायमचा हवा. १ एप्रिल १९७५ पासून व्यवसाय कर लागू झाला. पगारदार, व्यापारी, डॉक्टर, वकील, सगळ्यांवर. त्याच्या जोडीला मोटारगाड्यांवर आणि विक्रीकरावर जादा आकारणी आली. बागायती जमिनीवरही जादा आकारणी झाली, म्हणजे भार एकट्या शहरावर नव्हता. आणि या करांतून जेवढं जमेल, तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची.

[दृश्य: मुंबई, जुनं छायाचित्र. लाटणी उगारलेल्या बायकांचा मोर्चा.]

तो काळ काही गोडीगुलाबीचा नव्हता. महागाईचा दोष कुणाचा, यावर मुंबईचे रस्ते तापलेले होते. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर या विरोधी पक्षांतल्या नेत्यांसोबत बायका लाटणी घेऊन उतरल्या होत्या. काँग्रेस आणि विरोधक यांच्यात विस्तव जात नव्हता. तरीही १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा विधिमंडळाने एकमताने मंजूर केला. २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. खर्च कशावर आणि त्यासाठी कर कुणावर, ही दोन्ही उत्तरं लोकांसमोर होती. आम्हाला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट.

पुढे कर जमत राहिला आणि रोजगार हमीवरचा खर्च आटत गेला.

[दृश्य: विधान भवनाच्या पायऱ्या. फलक, घोषणा, कॅमेऱ्यांची गर्दी.]

२८ जून २०२४. तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी अर्थसंकल्पात मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जाहीर केली. पात्र महिलेला महिन्याला १,५०० रुपये, वर्षाला ४६,००० कोटींचा अंदाज. पैसा आणणार कुठून, असा सवाल विरोधकांनी केला. सवाल रास्तच होता. पण नोव्हेंबरात निवडणूक आली तेव्हा महाविकास आघाडीने ३,००० रुपयांचं आश्वासन दिलं आणि महायुतीने २,१०० रुपयांचं.

[दृश्य: तालुक्याच्या गावातली बँक. दारापर्यंत बायकांची रांग, हातात पासबुकं. एक बाई नोटा मोजून पदराला बांधते.]

या पैशाची गरज खोटी नाही. या रांगेकडे पाहून तसं म्हणायची कुणाची छाती होणार नाही. आमचा प्रश्न रांगेतल्या बायकांना नाहीच.

[दृश्य: पुन्हा विधान भवन.]

मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात योजनेला ३६,००० कोटी मिळाले. महसुली तूट ४५,८९१ कोटींची, आणि राज्यावरचं कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाण्याचा अंदाज. सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास या खात्यांचा निधी या योजनेकडे वळला, तेव्हा सरकारातल्या मंत्र्यानेच नाराजी बोलून दाखवली.

आता विरोधक म्हणतात, सरकारने तिजोरी रिकामी केली आणि २,१०० चं वचनही पाळलं नाही. सरकार म्हणतं, परिस्थिती पाहून देऊ. या भांडणात कर हा शब्द कुणीच उच्चारत नाही.

[दृश्य: पगारपत्रकं छापणारं यंत्र. कागदामागून कागद.]

व्यवसाय कराला राज्यघटनेच्या कलम २७६ ची मर्यादा आहे, माणशी वर्षाला २,५०० रुपये. ही मर्यादा १९८८ पासूनची. तेव्हापासून पगार कुठल्या कुठे गेले. महिना ११,००० मिळवणारा पुरुष जेवढा व्यवसाय कर भरतो, तेवढाच ५ लाख मिळवणाराही भरतो. मर्यादा उठवायची तर संसदेत घटनादुरुस्ती लागेल, आणि महाराष्ट्रातल्या दोन्ही आघाड्यांचे खासदार तिथे बसतात. २,१०० देणाऱ्यांनी आणि ३,००० देणाऱ्यांनी तिथे उभं राहून सांगावं, की हा पैसा ते कुणाकडून घेणार आहेत.