किलोच्या भावाचं पोलाद

[दृश्य: कुपवाड एमआयडीसी. भंगाराचा ढीग, बाजूला वजनकाटा. चुंबक लावलेली क्रेन तुकडे उचलते आहे.]

काट्यावर सगळं लोखंड सारखंच. गेटचा अँगल असो, ट्रकचा पाटा असो की लेथवरून उरलेला गोल तुकडा, भंगारवाला किलोवर भाव सांगतो, फार तर दोन-चार रुपयांचा फरक. भट्टीत मात्र यातला एक तुकडा कोयता होतो, दुसरा नुसता वाकतो आणि तिसऱ्याचा घण पडताच भुगा होतो.

हौसेनं लोहारकाम करणाऱ्याला म्हणून ढिगासमोर उभं राहून एकच प्रश्न विचारावा लागतो. हा तुकडा आधी काय काम करत होता? वाकून परत सरळ होत होता, घासला जात होता, फिरत होता, की नुसता उभा होता? निम्मी परीक्षा इथेच होते.

[दृश्य: महामार्गालगतचं गॅरेज. जमिनीवर पाट्यांची चळत.]

वाकून परत सरळ होणारा तुकडा म्हणजे पाटा, गाडीखालची चपटी स्प्रिंग. पुणे-बंगळुरू महामार्गावर, सातारा-कराडच्या पट्ट्यात पाटे बदलणारी, पाट्यांना पुन्हा कमान देणारी गॅरेजं आहेत. सांगलीकडे ऊसवाहतुकीच्या ट्रॉल्या आणि ट्रकमुळे हंगाम संपल्यावर तुटक्या पाट्यांची कमी नसते. आपल्याकडे वापरल्या जाणाऱ्या स्प्रिंग पोलादाची एक नेहमीची जात म्हणजे ईएन-४५. त्यात पोलादाला कडक करणारा कार्बन ०.५ ते ०.६ टक्के, सिलिकॉन दीड ते दोन टक्के. तेलात विझवलं की छान कडक होतं, तरी काचेसारखं फुटत नाही. गावोगावचे लोहार कोयत्याला, विळ्याला पाटाच घेतात.

जाडी बघून घ्या. जीप-पिकअपचे पाटे साधारण ६ ते ८ मिलिमीटर, ट्रकचे १० च्या पुढे. हातानं ठोकणाऱ्यानं जाड पाटा घेऊ नये. वजनावर स्वस्त वाटतो, पण तो पातळ करण्यात कोळसा आणि खांदा दोन्ही जातात. ७० मिलिमीटर रुंद आणि ८ मिलिमीटर जाड पाटा मीटरला ४.४ किलो भरतो. म्हणजे अर्धा किलोचा तुकडा हवा असेल तर साधारण १२ सेंटिमीटर लांबी कापायची. एका मीटरभर पाट्यात नवशिक्याचं बरंच काम निघतं. अख्खा गठ्ठा उचलायची घाई नको.

जुन्या पाट्याचा खरा दोष डोळ्यांना दिसत नाही. लाखो वेळा वाकून त्यात केसासारख्या बारीक चिरा पडलेल्या असतात, विशेषतः मधल्या बोल्टच्या भोकाभोवती आणि दोन पाटे एकमेकांवर घासतात त्या जागी. अशा चिरेवर घण मारला तर ती मिटत नाही, आत पसरते. पातं तयार होतं, धार लागते आणि पाणी देताना, म्हणजे लाल पातं विझवून कडक करताना, टिचकन आवाज येतो.

[दृश्य: पाटा पुसणं, त्यावर खडू फासणं. जवळून.]

चीर शोधायला यंत्र लागत नाही. पाटा तारेच्या ब्रशनं घासून गंज आणि रंग काढा. त्यावर रॉकेल लावून अर्धा तास ठेवा. रॉकेल आता सहज मिळत नाही, डिझेलनंही भागतं. मग कापडानं कोरडाठाक पुसा आणि वर खडूची पूड फासा. चिरेत शिरलेलं तेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर काळपट रेघ उमटते. रेघेच्या दोन्ही बाजूंचे दोन-दोन सेंटिमीटर कापून टाका. भोकाचा भाग तर चीर दिसो न दिसो, सोडूनच द्यावा. हा सगळा खटाटोप टाळायचा असेल तर गॅरेजवाल्याकडे नव्या पाट्याची कापलेली टोकं मागा. तो पाटा गाडीखाली गेलेलाच नसतो.

कापायला ग्राइंडर बरा. भंगारवाला गॅस कटरनं पटकन कापून देतो, पण त्या कडेचं पोलाद भाजून कडक झालेलं असतं. तिथून ५ मिलिमीटर घासून काढल्याशिवाय ठोकायला घेऊ नका. ग्राइंडरलाही पाटा जड जात असेल तर आधी तो भट्टीत केशरी होईपर्यंत तापवून कोरड्या राखेत पुरून ठेवा. सकाळपर्यंत मऊ होतो.

[दृश्य: ट्रॅक्टर अवजारांच्या दुकानामागे रोटाव्हेटरची झिजलेली पाती.]

पाट्याखालोखाल कॉइल स्प्रिंग. गोल असल्यामुळे छिन्नी, पोगर, सुंभा असल्या हत्यारांना ती सोयीची. एकेक वेटोळं कापून घ्यायचं, तापवून सरळ करायचं.

रोटाव्हेटरची झिजलेली पाती तासगाव-पलूसकडे ट्रॅक्टरच्या प्रत्येक दुकानामागे पडलेली दिसतात. ती मातीत घासायला बनवलेली, तेव्हा उत्तम पोलाद असणार असं वाटतं. बरीचशी बोरॉन पोलादाची असतात. कार्बन ०.३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे मार खाणारं पण बारीक धार न धरणारं. खुरप्याला, कुदळीच्या टोकाला चालतील. सुरीसाठी नकोत.

साखर कारखान्यातल्या ऊस कापणाऱ्या यंत्राच्या पात्यांचंही आकर्षण असतं. त्यांच्या धारेवर वेल्डिंगनं चढवलेला अतिकडक थर असतो. तो ठोकताना पसरत नाही, तडकतो आणि उडतो. मागचा भाग कापून घेतला तरच काही उपयोग. तसंही कारखान्याचं भंगार निविदा काढून लॉटनं जातं, किलो-दोन किलो मागणाऱ्याला दारावर मिळत नाही.

कानशीत कार्बन एक टक्क्याच्या वर. चांगल्या कंपनीची जुनी, बोथट कानस म्हणजे सुरीसाठी सोनंच. फक्त ठोकण्याआधी दाते पूर्ण घासून काढा, नाहीतर प्रत्येक दात पोटात दुमडला जाऊन तिथे चीर तयार होते. स्वस्त कानशी मात्र कधीकधी वरवरच कडक केलेल्या असतात, आत साधं लोखंड.

बेअरिंगची रेस, म्हणजे गोळ्या जिच्यात फिरतात ती कडी, बघून नवशिके खूश होतात. बॉल बेअरिंगचं पोलाद बहुधा ईएन-३१, एक टक्का कार्बन, वर क्रोमियम. धार अप्रतिम. पण ते घणाखाली हट्टी असतं आणि लाली उतरल्यावर ठोकलं की तडे जातात. पाट्यावर हात बसल्यावरच त्याच्या वाटेला जावं. टेपर रोलर बेअरिंगच्या बऱ्याच रेस तर फक्त वरच्या थरात कडक असतात. आणि बेअरिंग अख्खं भट्टीत टाकू नका. ग्रीस पेटतं, गोळ्या उडतात.

बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ठोकता येतच नाही. ब्रेक ड्रम, पंपाची बॉडी, उसाच्या चरकाचा रोलर यात कार्बन दोन टक्क्यांच्या वर असतो. लाल करून घण मारला की ढेकूळ फुटावं तसं फुटतं. किर्लोस्करवाडीला १९१० पासून नांगर-पंपांचा कारखाना असलेल्या या मुलखात बीड भरपूर, तेव्हा ते ओळखता आलंच पाहिजे. तुटलेली कड करडी आणि दाणेदार दिसते, ओतकामाची शिवण किंवा उठावाची अक्षरं बाहेरून दिसतात.

[दृश्य: ग्राइंडरवर चार तुकडे, चार प्रकारच्या ठिणग्या. अंधार, आवाज नैसर्गिक.]

अंदाजावर विसंबून तास-तास ठोकण्यापेक्षा ठिणगी बघा. सावलीत, एकाच ग्राइंडरवर, सारख्याच दाबानं. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, पिवळसर, टोकाला एखाद-दुसरा फाटा. पाट्याच्या त्याहून आखूड आणि जास्त फाट्यांच्या. कानशीच्या तर चाकापाशीच फुलझडीसारख्या फुटतात. बिडाच्या आखूड आणि लालसर. घरात ओळखीचे तीन नमुने ठेवा: एक साधी सळई, एक पाटा, एक कानस. नवा तुकडा त्यांच्या शेजारी लावून बघितला की शंका बरीच कमी होते. एकट्या ठिणगीवरून जात ओळखणारे अनुभवी लोकही फसतात.

ठिणगी जमली तरी शेवटचा शब्द तिचा नाही. तुकड्याची बोटभर पट्टी काढा, जाडी ६ मिलिमीटरच्या आत. चुंबक चिकटायचं थांबेपर्यंत तापवा. हे साधारण ७७० अंशांना होतं. तिथून थोडी आणखी लाली चढू द्या आणि कोमट तेलात बुडवा. थंड झाल्यावर कानस फिरवा. कानस घसरली तर पोलाद कडक झालं. मग पट्टी कापडात गुंडाळून पकडीत धरा, गॉगल लावा आणि हातोडीनं तोडा. तुटलेली कड बारीक, करडी, मखमली दिसली तर काम बरोबर. साखरेसारखे चमकणारे दाणे दिसले तर जास्त तापलं. तुटण्याऐवजी वाकली तर यात कार्बन कमी. तिच्यापासून अडकवायचा आकडा करा, पातं नाही.

साध्या लोखंडाला कमी लेखू नका मात्र. सांडशीला तेच हवं. सांडशीचं तोंड पुन्हापुन्हा तापतं आणि पाण्यात बुडतं. ते पाट्याचं केलं तर प्रत्येक बुडीला कडक होत जातं आणि एक दिवस लाल तुकडा धरलेला असतानाच मोडतं.

[दृश्य: लाकडी ओंडक्यावर उभा केलेला पोलादी ठोकळा.]

ऐरण म्हटलं की रुळाचा तुकडा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येतो. मिरज जंक्शनच्या आसपास राहणाऱ्यांनी तर हे नीट ऐकावं. रेल्वे मालमत्ता बेकायदेशीर कब्जा कायदा १९६६ चा आहे. रेल्वेचा संशयित माल जवळ सापडला तर तो रीतसर मिळवल्याचं ज्याच्याकडे सापडला त्यालाच सिद्ध करावं लागतं. पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद. रुळालगत पडलेला खिळासुद्धा उचलू नका आणि पावती नसेल तर रूळ विकतही घेऊ नका. गटाराची झाकणं, पाणीयोजनेचे व्हॉल्व्ह यांनाही हाच नियम लावा.

आणि खरं सांगायचं तर रूळ आडवा ठेवून ठोकण्यात मजा नाही. त्याची मधली भिंत पातळ, मार लवचिकपणे परत येतो, कानठळ्या बसतात. एमआयडीसीतल्या मशीन शॉपमधून उरलेला जाड गोल तुकडा उभा करा. वजन काढायचा भंगारवाल्यांचा हिशेब सोपा आहे: व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, वर्ग करा, १६२ नं भागा, मीटरचं वजन किलोत येतं. १५० मिलिमीटर व्यासाचा तुकडा मीटरला १३९ किलो, म्हणजे ३० सेंटिमीटरचा जवळपास ४२ किलो. एक किलोच्या हातोडीला भरपूर झाला. ईएन-८, ईएन-९ किंवा ईएन-१९ असेल तर घ्या. टोकाला लावलेल्या रंगावरून जात ठरवू नका, प्रत्येक पुरवठादाराचा रंग वेगळा. कामगाराला विचारलेलं बरं. ठोकळ्याचा माथा मुठीच्या उंचीवर येईल असा बाभळीचा ओंडका खाली घ्या.

[दृश्य: ब्रेक ड्रमची भट्टी, खाली टी आकाराचा पाइप, बाजूला ब्लोअर.]

ठोकायला कुचकामी ठरलेला ब्रेक ड्रम भट्टीला चालतो. तो ओला करूनच घासा. जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, हवेच्या नळीनं ती उडवू नका. मधल्या भोकावर ८ ते १० मिलिमीटर जाडीची प्लेट, तिला ६ ते ८ मिलिमीटरची भोकं, खाली दोन इंची टी. टीच्या आडव्या तोंडातून हवा, उभ्या तोंडाला राख पाडायचं झाकण. हा पाइप काळाच हवा, नळाचा जस्ताचा नको. वाऱ्यासाठी जुन्या गाडीच्या एसीचा १२ व्होल्टचा ब्लोअर पुरतो, वेग कमीजास्त करायची सोय ठेवा. वारा फार झाला की पोलाद तापण्याआधी जळतं, पांढऱ्या ठिणग्या उडतात. तेवढं टोक कापून टाकायचं, ते पुन्हा सुधारत नाही.

बाभळीचा कोळसा नवशिक्याला सगळ्यात सोपा. कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या फाउंड्र्यांमुळे हार्ड कोक (दगडी कोळसा भाजून केलेलं इंधन) हाही मिळतो, पण तो मोठ्या ढेकळांत येतो. २० ते २५ मिलिमीटरचे तुकडे करून घ्या आणि वारा थांबवू नका. वारा बंद झाला की कोक विझतो.

[दृश्य: द्राक्षबागेतली तार आणि अँगल. मग शॉक ॲब्सॉर्बर. लाल फुली.]

काही वस्तू फुकट मिळाल्या तरी नको. तासगावच्या द्राक्षबागांतून निघालेली तार, अँगल, जुने नळ यांवर जस्त असतं. जस्त ९०७ अंशांना उकळतं, भट्टी त्याच्या खूप वर जाते. त्या पांढऱ्या धुरानं काही तासांत हुडहुडी, ताप, छातीत कळ येते. व्हिनेगारमध्ये बुडवून जस्त निघतं, पण दोन रुपयांच्या तारेसाठी एवढा उद्योग कोणी करू नये. क्रोम चढवलेला रॉड, चकचकीत पाना हेही तसेच. आणि शॉक ॲब्सॉर्बर, गॅसचा स्ट्रट, दोन्ही तोंडं बंद असलेला पाइप आगीत टाकला तर स्फोट होतो.

[दृश्य: पातं तेलात बुडतं. मग धारेवर चढणारा रंग.]

पाणी द्यायला, नाव पाणी असलं तरी, पाट्याला तेलच. शेंगदाण्याचं किंवा करडईचं, स्वयंपाकातून उरलेलंही चालेल. जुनं इंजिन ऑइल नको, त्याचा धूर विषारी. पाच-सहा लिटर, ५० ते ६० अंशांना कोमट केलेलं. थंड तेल घट्ट असतं, पात्याभोवती फिरत नाही आणि पातं नीट कडक होत नाही. भांडं लोखंडी, खोल, पायाशी रुंद आणि त्याला बसणारं झाकण. तेल पेटलं तर झाकण टाकायचं, पाणी ओतायचं नाही.

बाहेर काढलेलं पातं त्याच तासात उतरवा, म्हणजे हळू तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करा, तसंच ठेवलं तर रात्रीत तडकू शकतं. एक बाजू पॉलिश पेपरनं चकचकीत करून पाठीकडून हळू तापवा. सुरीला फिका पिवळा रंग, साधारण २२० अंश. ऊस तोडायच्या कोयत्याला तपकिरीतून जांभळ्याकडे, २६० ते २८०. निळा धारेपर्यंत पोचला तर धार मऊ झाली, पुन्हा पहिल्यापासून तापवा.

उरलेल्या प्रत्येक तुकड्यावर ऑइल पेंटनं लिहून ठेवा: पाटा, पिकअप, ८ मिमी, तेलात कडक. वापरताना नेहमी बिननावाचं टोक कापा, नाव शेवटपर्यंत राहू द्या.