उत्तरेकडची लाली

श्रोतेहो, नमस्कार. सूर्यावर स्फोट झालाय, भूचुंबकीय वादळ येतंय, अशी बातमी आली की हल्ली गावोगावी माणसं ध्रुवीय प्रकाश, म्हणजे एरवी ध्रुवांकडच्या आभाळात दिसणारा रंगीत उजेड, शोधायला मोबाइल घेऊन गच्चीवर जातात. मला ते फार आवडतं.

सूर्यातून उसळलेले विद्युतभारित कण साधारण एक ते तीन दिवसांत पृथ्वीपाशी पोचतात आणि उंचावरच्या विरळ हवेतला ऑक्सिजन उजळतो. शंभरेक किलोमीटरवर तो हिरवा दिसतो, दोनशेच्या वर लाल. आपण ध्रुवापासून इतके लांब की हिरवा क्षितिजाआडच राहतो. म्हणून शोधायचा तो लाल. उत्तरेकडे, क्षितिजालगत, लाल.

१० मे २०२४, अक्षय्यतृतीया. त्या रात्री वीस वर्षांतलं सगळ्यात मोठं वादळ आलं आणि लडाखमध्ये हानलेच्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यानं आभाळातली लाली टिपली. दुसऱ्या दिवशी ते फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर. मी तेव्हा अंबाजोगाईजवळ मावशीच्या गावी होतो. रात्री अख्खी गल्ली गच्चीवर. चौथीची कोर मावळली आणि एकानं उत्तरेकडे मोबाइल धरून फोटो काढला. खाली तांबूस पट्टा! एकच गलका झाला. म्हाताऱ्यांनी हात जोडले, कुणी पाहुण्यांना फोन लावले.

तेवढ्यात नववीतल्या एका पोरीनं तोच मोबाइल हातात घेतला, पाठ फिरवली आणि लातूरच्या बाजूला तसाच फोटो काढला. म्हणाली, "मामा, इकडं तर जास्तच लाल दिसायलंय की!" गच्ची गप्प. उत्तरेला परळीचे दिवे, दक्षिणेला लातूरचे. धुळीवर पडलेला उजेड कॅमेऱ्यानं ओढून घेतला होता. खरा ध्रुवीय प्रकाश दोन्हीकडे सारखा कसा असेल? विज्ञानाची इतकी सुंदर परीक्षा मी कुठल्या प्रयोगशाळेत पाहिली नाही. तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिला शंका आली आणि तिनं ती तपासली. मावशीनं तिच्या हातावर आंब्याची फोड ठेवली.

जाता जाता एक बोलतो. ग्रामपंचायतींनी चौकाचौकांत हायमास्ट उभे केलेत, त्यांचा बराच उजेड आभाळात जातो. त्यांना वरून झाकण घाला. बिल आपणच भरतो, आणि चांदण्याही आपल्याच जातात.

मग आपल्याकडे दिसणारच नाही का? ४ फेब्रुवारी १८७२च्या रात्री, थेट मुंबईतून ध्रुवीय प्रकाश दिसल्याची नोंद आहे. मुंबई म्हणजे जवळपास आपलाच अक्षांश. तसं वादळ दुर्मीळ, पण अशक्य नाही.

तेव्हा पुन्हा सांगतो. उत्तरेकडे, क्षितिजालगत, लाल. वीसेक मिनिटं अंधारात डोळे बसू द्या. मोबाइल विटेला टेकवून नाइट मोडवर फोटो काढा, मग तसाच दक्षिणेचा काढा. दोन्ही जपून ठेवा, खाली वेळ लिहा. नमस्कार.